अकरा मिनिटं पुढे

सोनघळ गावात एसटीच्या थांब्यासमोर तात्या शेलारांचं घर होतं, आणि त्या घराच्या ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं एक गोल घड्याळ टांगलेलं होतं. ते कायम अकरा मिनिटं पुढे असायचं. तात्यांनी एकतीस वर्षं डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून गाड्या सोडल्या होत्या. निवृत्त झाल्यावर खात्यानं शाल-नारळ देऊन त्यांना घरी पाठवलं, पण त्यांच्याकडची शिट्टी परत मागून घ्यायची राहून गेली. तेव्हापासून सोनघळहून निघणारी प्रत्येक गाडी तात्यांच्या शिट्टीवरच सुटायची. ड्रायव्हर बदलले, डिझेलच्या गाड्या जाऊन विजेच्या आल्या, शिट्टी मात्र तीच राहिली.

अकराच मिनिटं का, असं कोणी विचारलं की तात्यांकडे उत्तर तयार असे. वरच्या आळीतल्या शेवटच्या घरातून म्हाताऱ्या माणसाला थांब्यावर यायला अकरा मिनिटं लागतात. शिट्टी ऐकून निघालं तरी गाडी मिळाली पाहिजे. गावाला हा हिशेब इतका पाठ होता की शिट्टी होईपर्यंत कोणी जागचं हलत नसे, आणि ड्रायव्हरही शिट्टी ऐकल्यावर निवांत चहा सांगत असे.

तात्यांचा दुसरा उद्योग म्हणजे थापा. गेले तीन महिने त्यांना त्यासाठी विषयही झकास मिळाला होता. जगातल्या चौदा देशांनी घड्याळांची शर्यत लावली होती. शंभर दिवस चौदा देशांची घड्याळं काचतंतूच्या तारांनी एकमेकांना जोडून ठेवायची, आणि ज्याचं घड्याळ सर्वांत कमी ढळेल त्याच्याकडे साऱ्या जगाची वेळ सोपवायची. पृथ्वीवरचा प्रत्येक फोन, प्रत्येक बँक, प्रत्येक विमान तिथून सेकंद मागून घेणार. भारताचं घड्याळ सोनघळच्या डोक्यावरच, तांबड्या कड्याच्या पोटातल्या बोगद्यात होतं, आणि ते सांभाळणारी कालपाल होती तात्यांची एकुलती एक लेक, वैजयंता.

"जपानच्या माणसानं असं घड्याळ केलं," रविवारी दुपारी ओसरीवर दहा-बारा माणसं गोळा करून तात्या सांगत होते, "की तिथला कोंबडा आधी घड्याळाला इचारतो, मग आरवतो. जर्मन म्हणला, ह्यात काय न्हाई. आमचं घड्याळ दुरुस्तीला न्हेलं तर तीन दिस उजाडलंच न्हाई. अमेरिकावाला म्हणला, आमच्यात उद्याची येळ आजच दिसती. स्वित्झर्लंडचा गप बसून हसत हुता. त्याला इचारलं, तुझं रं? तर म्हणतो, आमचं घड्याळ कधी चुकलंच तर आमी घड्याळाला हात लावत न्हाई. पृथ्वीला जरा ढकलतो."

माणसं हसली. आता भारताचं काय, असं विचारायची पाळी कोणाची ते ठरलेलं होतं, आणि त्यानं ते विचारलं.

"आमच्या वैजूच्या घड्याळाला येळ इचारली तर ते उलट इचारतं. तुमी इचारायला लागला तवाची सांगू, का इचारून झाल्यावरची?"

वैजयंता दाराशी उभी राहून ऐकत होती. एरवी तीही हसली असती. पण त्या रविवारी तिला वडिलांच्या तोंडाकडे बघवेना, कारण तिचं घड्याळ मागे पडत होतं आणि ते जगात फक्त दोन माणसांना माहीत होतं.

*

ह्या घड्याळात काटे नव्हते, चाकं नव्हती. स्ट्रॉन्शियम नावाच्या धातूचे काही हजार अणू लेसरच्या प्रकाशात जाळ्यात धरल्यासारखे अधांतरी ठेवलेले होते. ते अणू सेकंदाला चारशे एकोणतीस लाख कोटी वेळा थरथरतात. ही थरथर मोजायची, एवढंच घड्याळाचं काम. अणू थकत नाही, झिजत नाही, त्याला तेलपाणी लागत नाही, म्हणून असं घड्याळ विश्वाच्या जन्मापासून चालवलं असतं तरी आजवर सेकंदभरही चुकलं नसतं. एका देशानं हे छातीठोकपणे जाहीर केल्यावर दुसऱ्या देशानं आमचं तीन विश्वं पुरेल असं पत्रक काढलं. तिसऱ्या देशाच्या मंत्र्यानं आमच्या घड्याळाप्रमाणे विश्वच जरा उशिरा जन्मलं असं म्हटलं, आणि तो थट्टा करत होता की काय ते अजून कोणाला कळलेलं नाही. थोडक्यात, तात्या आणि ते मंत्री ह्यांच्यात फरक फक्त कोटाचा होता.

पण घड्याळ एवढं नेमकं झालं की त्याला एक वेगळंच दुखणं जडतं. जमिनीच्या जवळ वेळ हळू चालतो आणि उंचावर तो भरभर चालतो. ही काही कविकल्पना नाही. पृथ्वीची ओढ जिथे जास्त तिथे काळ रेंगाळतो, हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच मांडलं गेलं आणि पुढे सिद्धही झालं. माणसाचं डोकं त्याच्या पायांपेक्षा म्हातारं असतं, फक्त जन्मभरात मिळून हा फरक सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाइतकाही होत नाही, त्यामुळे कोणाचं काही अडत नाही. वैजयंताच्या घड्याळाचं मात्र अडायचं. ते अर्धा मिलिमीटर वर उचललं तरी पुढे पळे आणि तेवढंच खाली आणलं तरी मागे पडे.

शर्यत सुरू होऊन सहा आठवडे झाले तेव्हा ते पहिल्यांदा अगदी किंचित मागे पडलं. लेसर तापला असेल, असं तिला वाटलं. त्याच दिवशी चहाच्या वेळी वैजयंतानं वडिलांच्या घड्याळाची गंमत सांगितली होती. केंद्राचे संचालक डॉ. श्रीनिवास टिपणीस मनापासून हसले आणि म्हणाले, मग आपणही घरच्यासारखंच करू या की. घड्याळ मागे पडलं की त्याला काकणभर पुढे सारायचं. उष्णतेची दुरुस्ती करायला नियमात परवानगी होती, त्या सदराखाली ते खपून जाणार होतं. वैजयंतानंच ती सोय यंत्रात बसवली आणि तिला नाव दिलं, घरचं घड्याळ. त्यानंतर यंत्र आपलं आपण रोज थोडी भर घालत राहिलं. आपलं घड्याळ पुढेच आहे ह्या भरवशावर ती भर किती झाली हे कोणी बघायलाही गेलं नाही. ज्या घरात घड्याळ पुढे असतं त्या घरातली माणसं जशी निवांत बसतात, तसंच हे झालं.

सोमवारी सकाळी परीक्षकांसाठी कागद तयार करताना तिनं सहज ती सगळी भर एकत्र केली. उष्णतेनं एवढा फरक पडायचा तर बोगद्यात भाकरी भाजता आली असती. तिनं आकडा उंचीत मांडून पाहिला. एक्केचाळीस मिलिमीटर. पहिल्या आठवड्यांत आठवड्याला अर्धा, मग दिवसाला एक, आणि काल एका दिवसात पाच.

घड्याळ बरोबर होतं. ते खाली चाललं होतं.

*

खात्री करायचा एक मार्ग होता. केंद्रात एक राखीव घड्याळ होतं, ट्रॉलीवर बसणारं. लेसर सांभाळणारा इक्बाल मुल्ला हा ह्या गुपितातला नव्हता. वैजयंतानं त्याला सगळं सांगितलं, आणि दोघांनी मिळून सोमवारी दुपारी ती ट्रॉली बोगद्यात तीनशे मीटर आत ढकलत नेली. वाटेत भिंतीला आडवा, हातभर जाडीचा तांबड्या मातीचा पट्टा लागतो. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अडकलेली ही माती पावसाचं पाणी प्यायली की लोण्यासारखी होते. कड्याला तांबडा कडा हे नाव त्यावरूनच पडलं होतं. इक्बालनं पट्ट्याला बोट लावलं, ते पेरभर आत गेलं, आणि तो बोट पँटला पुसून पुढे ढकलू लागला.

मंगळवारी सकाळपर्यंत उत्तर आलं. पट्ट्याच्या आतलं घड्याळ बाकीच्या तेरा देशांच्या घड्याळांशी सेकंदाच्या कणानंसुद्धा फटकून नव्हतं. बाहेरच्या तोंडाशी असलेलं, शर्यतीतलं घड्याळ मागे पडत होतं, आणि तासागणिक जास्त. डोंगराचा बाहेरचा भाग आतल्या भागापासून सुटून घसरत होता. त्याच्या बरोबर खाली, सहाशे मीटरवर, सोनघळची शहात्तर घरं होती.

टिपणीस सरांनी कागद दोनदा वाचले. ते काही वाईट माणूस नव्हते. बासष्ट वर्षांचे, ह्या घड्याळापायी दोन वेळा हृदयविकाराचा झटका पचवलेले, आणि उद्या बुधवारी तीन परदेशी परीक्षक त्यांच्या दारात येणार होते. शर्यतीत भारत त्या घटकेला पहिला होता. त्यांनी आधी आकड्यांवर शंका घेतली, मग ट्रॉलीवरच्या घड्याळावर. छतावरच्या उपग्रहाच्या यंत्रात असं काहीच दिसत नाही, असं ते म्हणाले. ढगांमुळे त्या यंत्राची मापं पावसाळाभर तीन-तीन सेंटिमीटर हेलकावे खातात हे त्यांनीच तिला शिकवलं होतं, आणि तिनं त्याची आठवण करून दिली.

"वैजयंता, तीन दिवस," ते शेवटी म्हणाले. "शर्यत शनिवारी संपते. दोन महिने थांबलेला डोंगर तीन दिवस थांबणार नाही का?"

"तो थांबलेला नव्हता, सर. आपण त्याला झाकून ठेवलं होतं."

भर उघड केली तर आठ आठवड्यांच्या सगळ्या नोंदी खोट्या ठरतील, देश शर्यतीतून बाद होईल, आणि जगभर आपल्यावर चेष्टेचा पाऊस पडेल, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. तिला ते समजलेलंच होतं. तिनं तालुक्याला फोन लावला. तिथल्या अधिकाऱ्यानं सभ्यपणे ऐकून घेतलं आणि संचालकांच्या सहीचं पत्र मागितलं. मागच्या पाच वर्षांत आपण सोनघळ तीनदा रिकामं केलं, तिन्ही वेळा डोंगर जागेवरच राहिला, आता पत्राशिवाय गाव हलवलं तर माझी खुर्ची हलेल, असं तो म्हणाला. त्याचंही काही खोटं नव्हतं.

मग तिनं वडिलांना फोन केला. तुम्ही तरी निघा, दोन दिवस इक्बालच्या घरी राहा, असं ती म्हणाली. तात्यांनी साफ नकार दिला. गाव बसलंय आणि कालपालीचा बाप पळाला, हे त्यांना जमणार नव्हतं. एवढी खात्री हाय तर गावाला सांग की, ते म्हणाले. तेव्हा तिला सगळं बोलावंच लागलं. घड्याळाची भर, तिचं नाव, ती कुठल्या सदरात लपवली ते, आणि ही कल्पना कोणाच्या घड्याळावरून सुचली तेही.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आपलं घड्याळ पुढं हाय," तात्या सावकाश म्हणाले, "ते साऱ्या गावाला म्हाईत हाय, पोरी. कुत्र्या-मांजराला म्हाईत हाय. तुमचं तुमी कुणाला सांगितलं हुतं?"

लाजेनं तिचे कान तापले, आणि आपण बेचाळीस वर्षांच्या आहोत हे विसरून ती रडली.

*

बुधवारी दहा वाजता परीक्षक आले. स्वित्झर्लंडचे एक उंच गृहस्थ, ब्राझीलचे एक गोल गृहस्थ आणि जपानच्या इवाताबाई. त्या वयानं सगळ्यांत मोठ्या होत्या आणि सगळ्यांत कमी बोलत होत्या. बाकीच्या देशांचे प्रतिनिधी आपापल्या देशातूनच पडद्यावर हजर होते. प्रत्येकानं आपापल्या घड्याळाची दोन मिनिटं स्तुती करायची होती आणि एकानंही ती दोन मिनिटांत आटोपली नाही. जगातल्या सर्वांत नेमक्या माणसांची ती सभा ठरल्या वेळेपेक्षा चाळीस मिनिटं उशिरा चालली होती.

वैजयंता यंत्रापाशी उभी होती. समोरच्या मोठ्या पडद्यावर भारताच्या घड्याळाची हिरवी रेघ सरळसोट, आखल्यासारखी चालली होती. वैजयंताच्या हाताशी असलेल्या छोट्या पडद्यावर खरी रेघ होती, जी फक्त तिला दिसत होती. सकाळी सातला ती तासाला एक मिलिमीटर उतरत होती. आता तीन. रात्रीच्या पावसानं खालच्या गावाची वीज गेली होती, टॉवर बंद होता, आणि वडिलांचा फोन लागत नव्हता.

टिपणीस सरांचं भाषण सुरू झालं. ते चांगलं बोलत. ह्या देशानं जगाला शून्य दिलं, आता वेळ देणार, अशा अर्थाचं एक वाक्य त्यांनी पाठ केलेलं होतं. ते वाक्य अर्ध्यावर आलं आणि वैजयंतानं भर काढून टाकली.

हिरवी रेघ धाडकन खाली आली. ती पडद्याच्या तळाशी जाऊन थांबली असती तर बिघाड म्हणून सोडून देता आलं असतं. पण ती तिथूनही, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, हळूहळू उतरतच राहिली. पडद्यावरच्या प्रतिनिधींपैकी कोणीतरी हसलं. स्विस गृहस्थांनी चष्मा काढला. इक्बाल भिंतीला पाठ लावून उभा होता, त्यानं डोळे मिटून घेतले.

वैजयंतानं चार वाक्यांत सांगितलं. ही खरी रेघ आहे. आठ आठवडे आम्ही ती लपवली, ती सोय मी स्वतः बसवली. घड्याळ चुकत नाहीये, ज्या डोंगरावर ते उभं आहे तो खचतो आहे. खाली शहात्तर घरं आहेत आणि त्यांतल्या एका घरात माझे वडील आहेत.

मग इवाताबाई उठल्या, पडद्याजवळ गेल्या, रेघेचा उतार बोटानं मोजला आणि एवढंच विचारलं, की हे गाव अजून तिथे का आहे?

तो प्रश्न वैजयंताला नव्हताच. टिपणीस सर व्यासपीठावरून खाली उतरले. त्यांनी परीक्षकांसमोरच्या कागदांतला एक कोरा कागद ओढला, उभ्यानंच पत्र लिहिलं, सही केली आणि तिच्या हातात दिलं. "मी तालुक्याला फोन करतो," ते म्हणाले. "तू खाली जा." ते तिच्याकडे न बघताच बोलले, पण फोन त्यांनी खरोखर लगेच लावला.

*

दीडपर्यंत वरचं केंद्र रिकामं झालं आणि चार गाड्या सोनघळच्या थांब्यावर आल्या. उतार बघून वैजयंतानं हिशेब केला होता की डोंगर संध्याकाळी सहाच्या आधी सुटणार नाही. तरी शेवटची गाडी चारला हलवायची असं तिनं अधिकाऱ्याशी ठरवलं. दोन तास हाताशी राहतील, असं तिनं स्वतःला समजावलं.

गाव काही पटकन उठलं नाही. तीनदा उठवलेलं गाव चौथ्यांदा जांभया देतच उठतं. कोणी गाईचं दावं शोधत होतं, कोणी चुलीवरचं दूध उतू जाईल म्हणून थांबलं होतं. वरच्या आळीतल्या सखूआत्यांनी तर भात रटरटत ठेवला होता आणि तो शिजल्याशिवाय आपण येणार नाही असं कळवलं होतं. रात्रीपासून वीज नसल्यामुळे फोन मेलेले होते, आणि वेळ विचारली की सगळे एकच सांगत होते. शिट्टी होऊ दे, शिट्टीनंतर अकरा मिनिटं असतात. वैजयंता घराघरांतून ओरडत फिरली. तिच्या आवाजाला कोणी नाही म्हटलं नाही, पण कोणी हललंही नाही.

थांब्यावर परत आली तेव्हा तात्या ओसरीवर खाकी शर्ट घालून उभे होते. निवृत्तीनंतर तो शर्ट तिनं त्यांच्या अंगावर पाहिला नव्हता. त्यांनी मान वर करून घड्याळाकडे पाहिलं, शिट्टी तोंडाला लावली आणि इतकी लांब वाजवली की त्यांना खोकला आला.

आणि गाव हललं. सरकारी पत्रानं, लेकीच्या ओरडण्यानं जे झालं नव्हतं ते त्या पितळी शिट्टीनं झालं. घराघरातून माणसं निघाली, आपल्या नेहमीच्या चालीनं, जराही न धावता. गुरं आधीच सोडून दिलेली होती. सखूआत्या भाताचं पातेलं फडक्यात बांधून, बरोबर अकराव्या मिनिटाला शेवटच्या गाडीत चढल्या. तात्यांनी भिंतीवरचं घड्याळ आणि त्याच्या शेजारचा बायकोचा फोटो काढून घेतला, घराला कडी घातली आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले. गाडी निघाली.

नदीचा पूल ओलांडून ती पलीकडच्या चढाला लागली तेव्हा मागून आवाज आला. आधी तो ढगांचा वाटला. मग रस्ता थरथरला आणि ड्रायव्हरनं गाडी थांबवली. मागच्या काचेतून सगळ्यांनी पाहिलं. तांबड्या कड्याचा बाहेरचा अर्धा भाग झाडांसकट, बोगद्याच्या तोंडासकट, भारताच्या घड्याळासकट खाली आला होता, आणि सोनघळ होतं तिथे तांबडा चिखल होता. सखूआत्या पातेलं मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ नुसते हलत होते.

वैजयंतानं मनगटावर पाहिलं. तिच्या हातातलं घड्याळ केंद्राच्या सेकंदाशी जुळवलेलं होतं. तीन वाजून त्रेपन्न मिनिटं झाली होती. डोंगर तिच्या हिशेबापेक्षा दोन तास आधी आला होता, आणि ठरल्याप्रमाणे चारला गाडी सुटणार असती तर ती अजून थांब्यावरच उभी असती.

पण ती चारला सुटलेली नव्हती. हे ध्यानात यायला तिला थोडा वेळ लागला. चारची शिट्टी अकरा मिनिटं आधी, म्हणजे तीन एकोणपन्नासला व्हायची. मग माणसं यायची, मग गाडी हलायची. तेवढ्यानं काही ही गाडी वाचली नसती. तिनं वळून वडिलांच्या मांडीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यात चार वाजून चोवीस मिनिटं झाली होती.

"तात्या, हे तर एकतीस मिनिटं पुढे आहे," ती हळूच म्हणाली.

"हाय." ते मागे बघत नव्हते. बायकोच्या फोटोची काच शर्टाच्या बाहीनं पुसत होते. "दुपारी तू वर आळीला गेलीस तवा सारलं. तुझ्या घड्याळावर माझा इस्वास हाय. पर एकतीस वर्सं गाड्या सोडल्या म्या. कागदावरच्या येळंला आलेलं काय बी मी बघितलेलं न्हाई."

तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. तो पुसलेली काच पुन्हापुन्हा पुसतच राहिला. भीती त्यांनाही वाटली होती, फक्त शिट्टी वाजवून होईपर्यंत त्यांनी ती आत धरून ठेवली होती.

*

शर्यतीतून भारत बाद झाला. जपानचं घड्याळ पहिलं आलं. चौकशी झाली, टिपणीस सरांनी राजीनामा दिला, आणि वैजयंताची कालपाली गेली. आठ आठवडे ती रेघ उघडी असती तर गावानं गुरं, भांडी, कागदपत्रं सगळं नीट नेलं असतं, हे चौकशीत तिनं आपणहून सांगितलं. त्या बोलण्यानं तिची शिक्षा कमी झाली नाही, आणि तशी तिची अपेक्षाही नव्हती. इक्बालनं आतलं ट्रॉलीवरचं घड्याळ चिखलातून वाट काढून बाहेर आणलं. ते व्यवस्थित चालू होतं.

पुढच्या वर्षी एक मजेशीर गोष्ट घडली. धोका आधी कळावा म्हणून चौदाही देशांनी आपापली राखीव घड्याळं पक्क्या खडकावरून उचलून धरणांवर, ज्वालामुखींवर आणि खचणाऱ्या डोंगरांवर नेऊन ठेवली. आता कोणाचं घड्याळ जास्त चुकतं ह्याची चढाओढ लागली. आपण सगळ्यांत आधी मागे पडलो असं पत्रक स्वित्झर्लंडनं काढलं, आणि जर्मनीनं त्याला आक्षेप घेतला. अशा घड्याळांपैकी एक तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, एका जुन्या धरणावर बसवायचं ठरलं, आणि ते सांभाळायला वैजयंताचं नाव इवाताबाईंनी सुचवलं. खरी रेघ थेट गावाच्या चावडीत दिसली पाहिजे, ही तिची एकच अट होती. ती मान्य झाली.

नव्या सोनघळात पत्र्याच्या शेड आहेत आणि एक थांबा आहे. तात्यांनी घड्याळ तिथल्या खांबाला टांगलं, त्या दिवशी अर्धं गाव जमलं होतं. वैजयंतानं काटे सरळ खऱ्या वेळेवर आणले, मग सगळ्यांसमोर मोजून अकरा मिनिटं पुढे केले. तात्या गप्प होते. थापा मारायला एवढी माणसं गोळा झालेली असूनही ते काही बोलत नाहीत, ह्याचं सगळ्यांना नवल वाटलं.

नंतर माणसं पांगली, तेव्हा ते तिच्याजवळ आले.

"त्या दिवशी म्या तुला फोनवर लई बोललो," ते म्हणाले. "आन् वीस मिनिटं वाढवली ती म्या बी कुणाला सांगितली न्हाईत."